एकट्यानं करायचं काम नव्हे

मुलांच्या युरॉलॉजी विभागात मानसशास्त्रज्ञ कशाला लागते, हा प्रश्न मला नातेवाइकांनी विचारलाय, शेजाऱ्यांनी विचारलाय आणि विभागात नव्यानं रुजू झालेल्या निवासी डॉक्टरांनीही विचारलाय. त्यावर मी त्या दिवशीच्या ओपीडीची यादी सांगते. आठ वर्षांचा मुलगा, अजून रात्री अंथरूण ओलं करतो. चौथीतली मुलगी, शाळेत दिवसभर लघवी दाबून धरते आणि घरी पोचेपोचेपर्यंत कपडे भिजतात. पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषामुळे मूत्राशयाच्या नसा काम करत नाहीत, म्हणून दर चार तासांनी नळी घालून लघवी काढावी लागणारी पाचवीतली मुलगी. लघवीचं भोक खालच्या बाजूला असल्यामुळे एकापेक्षा जास्त शस्त्रक्रिया झालेला, आणि आता कुणाही पांढऱ्या कोटासमोर चड्डी सोडायला तयार नसलेला मुलगा. आणि वॉर्डात एक नवजात बाळ, ते मुलगा की मुलगी हे डॉक्टरांनाही लगेच सांगता येत नाहीये. बाहेर आजी पेढे आणायचे की बर्फी, या प्रश्नावर अडून बसलीय.

सर्जन दोष दुरुस्त करतात, किडनीचे डॉक्टर किडनी सांभाळतात. पण या सगळ्या उपचारांचा पुढचा भाग घरी, शाळेत, एसटीत, लग्नघरात पार पडतो. औषध वेळेवर घेणं, नळी न लाजता घालणं, बाहेर शौचालय कुठे आहे ते विचारायचं धाडस करणं, पुन्हा दवाखान्यात यायला तयार होणं, हे सगळं मुलालाच करायचं असतं. ते त्याला जमावं यासाठी माझी नेमणूक आहे.

आमच्या ओपीडीत माझं टेबल कोपऱ्यात, युरोफ्लोच्या, म्हणजे लघवीच्या धारेचा वेग मोजण्याच्या, खोलीच्या दाराशी आहे. तिथे पाठवलेले आईवडील बसायच्या आधीच विचारतात, "म्हणजे याचं डोकं बिघडलंय असं म्हणायचंय का, मॅडम?" मी सांगते, "डोकं छान आहे. लघवीचं काम कसं चालतं, ते आपण सगळे मिळून बघू या." मग मुलाला एक तक्ता देते : किती वाजता, किती मिली, कपडे कोरडे की ओले. मूत्राशयात किती मावायला हवं याचा एक ढोबळ हिशेब आहे : वयात एक मिळवायचा आणि तिसानं गुणायचं. सहा वर्षांच्या मुलाचे दोनशे दहा मिली होतात. हा हिशेब मुलांना फार आवडतो. आपल्या शरीराचं एक गणित आहे आणि ते आपल्याला मांडता येतं, हे कळल्यावर लाज थोडी मागे सरते.

हे मला शिक्षणात कुणी शिकवलेलं नव्हतं. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजीचं प्रशिक्षण बहुतेक मनोविकार विभागांतून होतं. तिथे नैराश्य, स्किझोफ्रेनिया, बुद्ध्यांक चाचण्या भरपूर पाहिल्या. कॅथेटर हातात धरला नव्हता. अमेरिकेत १९६७ साली लोगन राइट यांनी बालरुग्णालयात काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची भूमिका काय असावी यावर लेख लिहिला, आणि पुढच्याच वर्षी अशा लोकांची संघटना उभी राहिली. आपल्याकडे मोठ्या रुग्णालयातसुद्धा मुलांच्या सगळ्या विभागांना मिळून एखादीच मानसशास्त्रज्ञ असते, आणि युरॉलॉजीकडे तिनं बघायचं ते उरल्या वेळात. त्यामुळे ज्याला विचारावं असं शेजारच्या टेबलावर कुणी नसतं. सर्जन सहृदय असतात, पण त्यांचा प्रश्न वेगळा असतो : "शस्त्रक्रियेला तयार आहे का, एवढं सांगा."

आमचा गट झाला तो एका परिषदेत, चहाच्या टेबलापाशी. दिवसभर शस्त्रक्रियांची सत्रं झाली, आमच्या विषयाला शेवटी थोडा वेळ मिळाला, तोही सभागृह रिकामं होताना. बाहेर चहा घेताना चेन्नई, दिल्ली, अहमदाबाद आणि पुण्याच्या आम्ही काही जणी बोलत उभ्या राहिलो आणि लक्षात आलं, की प्रत्येकीनं तेच बाहुले, तेच तक्ते, तेच समजावण्याचे प्रकार स्वतःपुरते नव्यानं शोधून काढलेत. पुढे लीड्समध्ये काम करणारी एक मूळची साताऱ्याची मैत्रीण आली, नागपूरहून एक तरुण सहकारी आला. आता महिन्यातून एकदा रात्री जेवणं आटोपल्यावर व्हिडिओवर भेटतो. गटाला नाव नाही, नोंदणी नाही, वर्गणी नाही. नियम मात्र कडक आहेत. मुलाचं नाव नाही, गाव नाही, फोटो तर नाहीच. वय, त्रास, घरात कोण कोण, आणि एक प्रश्न : उद्या ओपीडीत मी काय करू? सिद्धान्तावर बोलायचं असेल तर शेवटची दहा मिनिटं. इथेही मी मुलांची ओळख पटेल असे तपशील बदलूनच लिहितेय.

या गटानं काय दिलं, ते एमसीयूपासून सांगते. एमसीयू म्हणजे मूत्राशयात नळी घालून क्ष-किरणांत दिसणारं द्रव्य भरायचं आणि मूल लघवी करत असताना चित्रं घ्यायची. लघवी उलटी किडनीकडे चढते का, मुलग्यांच्या मूत्रमार्गात पडदा आहे का, हे त्यातून कळतं. तपासणी फार वेळाची नसते, पण एकदा धाकात झालेली असली तर मूल पुढची कितीतरी वर्षं दवाखान्याच्या फाटकापाशीच रडायला लागतं.

त्यासाठी आमच्याकडे एक कापडी बाहुला आहे. शिवतानाच त्याला खाली भोक ठेवलंय आणि पोटात एक फुगा बसवलाय. लहान मुलांना नळी म्हणून आमच्याकडे सहा नंबरची फीडिंग ट्यूब वापरतात, तीच मी मुलाच्या हातात देते. आधी ती गालावरून फिरवायची, मग बोटात दाबून किती मऊ आहे ते बघायचं. मग जेली लावून बाहुल्याला घालायची, सिरिंजनं पाणी भरायचं, आणि बाहुल्याला "भरलं का रे?" असं विचारायचं. मग खोली दाखवायची : हे मशीन वर असतं, अंगाला लागत नाही, आवाज करतं. साबणाचे फुगे उडवायचा सराव करायचा, कारण फुंकर घालताना खालचे स्नायू सैल पडतात. आईवडील बहुतेक वेळा म्हणतात, "काही नाही रे बाळा, नुसता फोटो काढणारेत." तिथे मी त्यांना थांबवते. नळी जाताना चुरचुरणार आहे, हे मुलाला माझ्याकडून आधी कळलं तर टेबलावर तो माझं ऐकतो. आधी खोटं बोललेल्या माणसाचं तो का ऐकेल?

इथपर्यंतचं मला जमत होतं. खरी अडचण पुढे यायची. नळी जाते, मूत्राशय भरतं, आणि मग सगळे म्हणतात, "आता कर." मूल करत नाही. दिवे लागलेले, चार अनोळखी माणसं बघतायत, आणि ज्याबद्दल आजवर ओरडा बसला तेच आता उताणं झोपून, कपड्याबिपड्यावर करायला सांगतायत! हा प्रश्न मी गटात ठेवला. चेन्नईची सहकारी म्हणाली, पायाच्या बोटांवर कोमट पाणी सोडायचं. दिल्लीच्या ताईंनी सांगितलं की मुलग्यांना उभं राहू द्यावं किंवा कुशीवर वळू द्यावं, रेडिऑलॉजिस्टना आधी विचारलं तर ते बहुधा हो म्हणतात. अहमदाबादची मैत्रीण म्हणाली, "तुम्ही मुलाला परवानगी देता का?" तिची रीत अशी : तयारीच्याच दिवशी आईच्या तोंडून मुलाला सांगायला लावायचं की त्या टेबलावर शू केलीस तरी चालेल, मी रागावणार नाही. मी सांगून उपयोगाचं नाही, आईनंच सांगायचं.

पुढच्याच आठवड्यात रायगडकडून आलेली सहा वर्षांची एक मुलगी होती. आईनं माझ्यासमोर तिला तसं सांगितलं. मुलगी आईच्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "खरंच? मारणार नाहीस?" आईनं मान खाली घातली, मग म्हणाली, "नाही मारणार. इथे पण नाही, घरी पण नाही." तपासणी नीट झाली. त्याहून महत्त्वाचं, घरी मार बसत होता हे मला कळलं, आणि त्यावर बोलायची वाट आईनंच उघडून दिली.

मार बसण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे अंथरूण. पाच वर्षं पूर्ण झाल्यावरही झोपेत लघवी होत असेल तर वैद्यकशास्त्र त्याला उपचार करण्याजोगा त्रास मानतं. सात वर्षांच्या शंभर मुलांमध्ये पाच ते दहा मुलांना तो असतो. दर वर्षी त्यांतली साधारण पंधरा टक्के मुलं आपोआप कोरडी होतात. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला होण्याची शक्यता ४४ टक्के, दोघांनाही असेल तर ७७ टक्के, असं जुन्या अभ्यासांत आढळलंय. म्हणजे हा आळस नाही, मुद्दाम केलेलं नाही आणि बहुतेक मुलांत मनाचा आजारही नाही. पण हे घराघरांत सांगावं लागतं. काळे तीळ आणि गूळ खाऊ घालून झालेलं असतं, दृष्ट काढून झालेली असते, कधी चटक्याची धमकीही देऊन झालेली असते. एकदा असंच सगळं सांगत असताना दाराशी बसलेली आजी सहज बोलून गेली, "याच्या बापाचं पण मॅट्रिकपर्यंत चालूच होतं की." वडील ताडकन उठले आणि पाणी प्यायला बाहेर गेले. परत आले ते मुलाच्या शेजारी बसले. तोवर ते लांबच्या खुर्चीवर होते.

यावरचा एक चांगला उपचार म्हणजे अलार्म. कपड्याला ओल लागली की वाजतो, मूल जागं होतं, आणि दोन-तीन महिन्यांत बऱ्याच मुलांचा मेंदू त्या वेळी स्वतःच जागा व्हायला किंवा लघवी धरायला शिकतो. मोवरर पतिपत्नींनी १९३८ मध्ये तो पहिल्यांदा नीट मांडला. नेटानं वापरला तर साधारण तीनातल्या दोन मुलांना फायदा होतो. पुस्तकात एवढंच असतं. पुस्तकातलं मूल मात्र स्वतंत्र खोलीत झोपतं. आमच्याकडचं मूल दहा बाय बाराच्या खोलीत आई, बाबा, काका, आजी आणि तान्ह्या बहिणीशेजारी झोपतं. पहिल्या रात्री अलार्म वाजतो, सगळं घर जागं होतं, ज्याच्यासाठी वाजला तो तेवढा गाढ झोपलेला असतो. तिसऱ्या रात्री काका म्हणतो, बंद करा ते.

गटात या विषयावर आम्ही बरेच महिने बोलत राहिलो. त्यातून काही साध्या गोष्टी ठरल्या. अलार्म द्यायच्या आधी घरातल्या मोठ्या माणसांना एकदा एकत्र बोलवायचं, निदान फोनवर तरी. उठवायची जबाबदारी एकाच माणसाकडे द्यायची, आणि ते माणूस सकाळच्या पाळीला जाणारं नसावं. पावसाळ्यात सुरुवात करायची नाही, कारण गोधड्या वाळत नाहीत आणि दोन दिवसांत घर वैतागतं. मेच्या सुट्टीतही नाही, कारण मूल मामाच्या गावी जाणार असतं. दिवाळी उरकली की सुरू करायचं. आणि बद्धकोष्ठ असेल तर आधी ते बघायचं, कारण भरलेलं मोठं आतडं मूत्राशयावर दाब देतं आणि अलार्म फुकट जातो. यातलं बरंचसं ज्ञान कुठल्या जर्नलमध्ये नाही. पाच-सहा शहरांतल्या लोकांनी आपापल्या ओपीडीतली फसलेली आणि जमलेली उदाहरणं समोर ठेवली, तेव्हा ते तयार झालं.

नळीची गोष्ट याहून अवघड. कण्याचा जन्मजात दोष असलेल्या मुलांचं मूत्राशय नीट रिकामं होत नाही, आत दाब वाढतो आणि हळूहळू किडन्या खराब होतात. मिशिगन विद्यापीठातल्या जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं की नळी दर वेळी निर्जंतुक असायलाच हवी असं नाही. हात आणि नळी स्वच्छ असावी आणि मूत्राशय वेळच्या वेळी रिकामं व्हावं, हे जास्त महत्त्वाचं. या एका शोधामुळे आज लाखो मुलांच्या किडन्या टिकून आहेत. आमच्याकडे आई हे तंत्र लवकर शिकते. पण मूल शाळेत गेलं की चार तासांचा हिशेब मोडतो. आई रोज शाळेत जाणार, तर तिची मजुरी बुडते. शाळेतलं शौचालय तर अनेकदा कुलपात असतं. ग्रामीण भागातल्या शाळांची पाहणी करणाऱ्या असर २०२२ च्या अहवालात मुलींसाठी वापरण्याजोगं शौचालय असलेल्या शाळा देशभरात ६८ टक्क्यांच्या आसपास होत्या. उरलेल्या शाळांतल्या धडधाकट मुलीसुद्धा लघवी दाबूनच बसतात. चौथीतली जी मुलगी मी सुरुवातीला सांगितली, ती त्यांपैकीच.

आम्ही प्रत्येक जण मुख्याध्यापकांना पत्र लिहीतच होतो. माझं पत्र दोन पानी असायचं, आजाराचं पूर्ण वर्णन असलेलं. शाळेकडून उत्तर यायचं, "आम्ही जबाबदारी घेऊ शकत नाही." गटात पत्रं एकमेकांसमोर ठेवली तेव्हा पुण्याच्या सहकारिणीचं पत्र निम्म्या पानाचं निघालं. त्यात पहिलंच वाक्य होतं : "शिक्षकांनी नळीला हात लावण्याची गरज नाही." मुख्याध्यापक घाबरलेले असतात ते नेमके याच गोष्टीला. पुढे फक्त तीन मागण्या : शौचालयाची किल्ली मुलीकडे असावी, ठरलेल्या वेळी तिला वर्गातून न विचारता उठता यावं, आणि कारण वर्गात जाहीर करू नये. खाली दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा एका ओळीचा उल्लेख. तेच पत्र आता आम्ही सगळे वापरतो. मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ अशा चार भाषांत ते आहे. पाचवीतल्या मुलीच्या शाळेनं किल्ली दिली. मुलगी ती गळ्यातल्या आयकार्डला अडकवते.

मुलं मोठी होतात तसा प्रश्न बदलतो. जन्मतः मूत्रमार्गात पडदा असलेला चौदा वर्षांचा एक मुलगा होता. पडदा बाळपणीच काढलेला, पण मूत्राशय कडक झालेलं, किडनीचे आकडे दर खेपेला थोडे वाईट. नळी घालायला सांगितलेली, तो टाळायचा. केसपेपरवर इंग्रजीत शेरा होता, 'नॉन-कॉम्प्लायंट', म्हणजे ऐकत नाही. आई रडायची, वडील मोबाइल काढून घ्यायचे. एक गोष्ट आपण सहसा विसरतो : कण्याचा दोष असलेल्या बऱ्याच मुलांना तिथे संवेदना कमी असते, पण या मुलांना ती पूर्ण असते. नळी त्यांना दुखते. त्यांच्याकडून ती दिवसातून चार-पाचदा मागणं म्हणजे काय, हे आधी आपल्याला कळायला हवं.

मी गटात हे मांडलं तेव्हा लीड्सच्या मैत्रिणीनं एकच प्रश्न विचारला, "नेमकी कुठली वेळ चुकते?" मी मुलाला तक्ता दिला, शेरा न मारता भरायला सांगितला. सकाळची वेळ अधूनमधून चुकत होती, संध्याकाळची रोज. संध्याकाळी क्लास असायचा, सरांच्या घरी. बाथरूम सरांच्या घरच्यांचं आणि त्याच्या दाराची कडी लागत नव्हती. एवढंच. सर्जनशी बोलून वेळा सरकवल्या, क्लासला जायच्या आधी एक आणि परत आल्यावर एक. जेली जास्त लावायची, नळीचा प्रकार बदलायचा, हेही सर्जनांनी बघितलं. सकाळची वेळ अजून कधीकधी चुकते, पण संध्याकाळचा खाडा थांबला. केसपेपरवरचा शेरा पुढच्या भेटीत निवासी डॉक्टरनं स्वतःहून खोडला.

सगळ्याच बाबतींत गट असा एकमुखी नसतो. मुलगा की मुलगी हे लगेच न सांगता येणारी बाळं, हा आमच्यातला सगळ्यात वादाचा विषय. अशा बाळात आधी एक तपासणी तातडीनं करतात, कारण एका प्रकारात शरीरातलं मीठ वाहून जातं आणि जीव धोक्यात येतो. तो धोका टळला की पुढची घाई बहुधा घरच्यांची असते. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची, बारसं करायचं, शेजारीपाजारी विचारतायत. अशा मुलांच्या उपचारात मानसशास्त्रीय मदत हा अविभाज्य भाग असावा, असं २००६ सालच्या आंतरराष्ट्रीय सहमतीपत्रात म्हटलंय. प्रत्यक्षात आम्हाला बोलावलं जातं ते बऱ्याचदा आईवडिलांची समजूत घालायला, आणि निर्णय झालेला असतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०१९ मधल्या निकालानंतर तमिळनाडू सरकारनं जीवघेणी परिस्थिती वगळता अशा बाळांवर लिंगनिश्चितीच्या शस्त्रक्रिया करायला बंदी घातली. चेन्नईच्या सहकारिणीला तो आदेश दाखवून "थांबा" म्हणता येतं. मला तेच थांबणं समजावून मिळवावं लागतं. शस्त्रक्रिया लवकर व्हावी की मूल स्वतः बोलू शकेपर्यंत थांबावं, यावर आमच्यात दोन मतं आहेत आणि ती राहतील. पण दोन मतं आहेत हे आईवडिलांना सांगायला हवं, यावर एकमत आहे. आणि आजीनं शेजाऱ्यांना काय सांगायचं, ते वाक्यही गटातच घडलं : "बाळ बरं आहे, काही तपासण्या चालू आहेत, नाव बारशाला सांगू." पेढे-बर्फीचा प्रश्न तेवढ्यानं काही दिवस तरी पुढे ढकलला जातो, आणि त्या काही दिवसांत पुष्कळ काही शांतपणे ठरवता येतं.

आणखी एक गोष्ट गटामुळे आमच्या सगळ्यांच्या विभागांत शिरली. शिकवणाऱ्या रुग्णालयात तपासणीच्या वेळी खाटेभोवती विद्यार्थ्यांचा घोळका असतो. शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला त्यांच्यासमोर पुन्हा पुन्हा उघडं व्हावं लागतं. चड्डी न सोडणाऱ्या त्या मुलाचा 'हट्ट' तिथून आला होता. आता तपासणीआधी मुलाला विचारायचं, "इथे कोण कोण थांबलेलं चालेल?" आणि तो बोट दाखवेल तेवढ्यांनीच थांबायचं. पहिल्यांदा त्यानं फक्त सिस्टरकडे बोट केलं. सर हसले आणि म्हणाले, "मला तरी राहू दे रे." मुलानं थोडा विचार करून मान डोलावली. विभागप्रमुखांना हे पटवणं मला एकटीला जड गेलं असतं. इतर चार रुग्णालयांत हे चालू आहे, असं सांगता आलं म्हणून पटलं.

गटाला जमत नाही असंही पुष्कळ आहे. आमच्यापैकी बरेच जण अकरा महिन्यांच्या करारावर आहेत. करार संपतो, माणूस दुसरीकडे जातं, जागा रिकामी राहते, आणि ज्या मुलानं दोन वर्षांनी तोंड उघडलं होतं ते नव्या माणसासमोर पुन्हा गप्प होतं. अठरा पूर्ण झाल्यावर मुलांना मोठ्यांच्या विभागात जावं लागतं, तिथे या विषयातलं बोलणारं कुणी नसतं. आमच्या महिन्याच्या तासाभरानं हे सुटणार नाही. पण मुंबईतलं एक कुटुंब वडिलांच्या बदलीमुळे नागपूरला गेलं, तेव्हा आईची संमती घेऊन मी तिथल्या सहकाऱ्याला फोन केला. मुलाला कुठल्या नावानं हाक मारलेली आवडते, नळीबद्दल आजीसमोर बोलायचं नाही, बाहुला दाखवायची आता गरज नाही, एवढं सांगितलं. मुलाला सुरुवातीपासून सगळं परत सांगावं लागलं नाही. एरवी हे सगळं माझ्या वहीत राहिलं असतं.

बालरुग्णालयं चालवणाऱ्यांना म्हणून माझं एक मागणं आहे. मानसशास्त्रज्ञाची जागा भरा, ती कायम करा, हे तर आहेच. ते व्हायला वेळ लागेल हेही ठाऊक आहे. तोवर जी माणसं आज कोपऱ्यातल्या टेबलांवर बसून हे काम करतायत, त्यांना महिन्यातला एक तास इतर रुग्णालयांतल्या सहकाऱ्यांशी बोलायला द्या, आणि तो तास त्यांच्या ड्युटीत धरा. आज तो आम्ही रात्री, घरचं सगळं आवरून काढतो. त्याचा फायदा मात्र सकाळी तुमच्या ओपीडीतल्या मुलांना होतो.